एनएफएल ड्राफ्टमधला वरचा पिक संघाला खरंच पावतो का?

यार्डरेषा

मार्च २०२३ मध्ये कॅरोलायना पँथर्सनी शिकागो बेअर्सकडून ड्राफ्टमधला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये संघ दर वर्षी कॉलेजचे नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यातला, पहिला पिक (निवडीची पाळी) घेतला. बदल्यात काय दिलं ते नीट वाचा: त्या वर्षीचे ९वा आणि ६१वा पिक, २०२४ च्या पहिल्या फेरीचा पिक, २०२५ च्या दुसऱ्या फेरीचा पिक आणि वर डी. जे. मूर, म्हणजे त्यांचा सगळ्यात भरवशाचा वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा). त्या पहिल्या पिकवर क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा) ब्राइस यंग आला. मूर गेल्यामुळे त्याने चेंडू फेकायचा कुणाकडे हाच प्रश्न उरला. पँथर्सनी त्या मोसमात १७ पैकी २ सामने जिंकले, लीगमधली सगळ्यात वाईट कामगिरी. त्यामुळे आधीच देऊन टाकलेला २०२४ चा पिक पुन्हा पहिल्या क्रमांकाचा निघाला आणि त्यावर बेअर्सनी क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स उचलला.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात: ३२ संघ, सात फेऱ्या. प्लेऑफला न पोचलेले १८ संघ आधी, त्यातही ज्याची कामगिरी सगळ्यात वाईट तो पहिला. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणारा पहिल्या फेरीत शेवटी, ३२वा. बास्केटबॉलसारखी चिठ्ठ्यांची सोडत इथे नाही. हरलात तितके वर, हा सरळ हिशेब. ज्यांचे खेळाडू मुक्त होऊन दुसरीकडे गेले त्यांना तिसऱ्या ते सातव्या फेरीच्या शेवटी भरपाईचे जादा पिक मिळतात.

माझं मत आधीच मांडतो. वरचा पिक स्वतःहून हातात आला तर ती चांगली गोष्ट आहे. तो विकत घ्यायला जाणं मात्र बहुतेक वेळा तोट्याचं ठरतं, कारण बाजार त्याची किंमत फार चढी लावतो. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेन तर दुरुस्त करावं. फक्त 'टॉम ब्रेडीसारखा महान क्वार्टरबॅकही १९९वा होता' एवढ्यावर प्रतिसाद संपवू नका. एका उदाहरणाने काहीच ठरत नाही.

नवखी_प्रेक्षक

धागा छान. एक प्राथमिक शंका. आयपीएलच्या लिलावात ज्याला जास्त मागणी त्याची बोली वाढते. इथे पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला पैसे किती द्यायचे ते कोण ठरवतं? आणि ते खेळाडूवर अवलंबून असतं की क्रमांकावर?

आकडेमोड

@नवखी_प्रेक्षक, क्रमांकावर. सगळ्या विषयाची किल्ली तुमच्या या शंकेतच आहे, म्हणून जरा उस्कटून लिहितो.

२०११ पूर्वी नव्या खेळाडूचा पगार वाटाघाटीत ठरायचा आणि दर वर्षी फुगायचा. २०१० चा पहिला पिक सॅम ब्रॅडफर्ड. त्याचा रॅम्सशी करार सहा वर्षांचा, ७८ मिलियन डॉलर, त्यातले ५० मिलियन हमीचे. व्यावसायिक सामन्यात एकही पास न टाकलेल्या मुलाला वर्षाला सरासरी १३ मिलियन. २०११ मध्ये खेळाडू संघटना आणि मालक यांच्यात नवा करार झाला आणि पगार पिकच्या क्रमांकाला बांधले गेले. त्याच वर्षीचा पहिला पिक कॅम न्यूटन: चार वर्षं, २२ मिलियन. सरासरी ५.५. एका वर्षात निम्म्याहून खाली. पुढे सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारखर्चाची मर्यादा) वाढली तसे हे आकडेही वाढले. २०२४ मध्ये केलेब विल्यम्सला चार वर्षांचे साधारण ३९.५ मिलियन मिळाले, पण त्या वर्षी एका संघाची कॅप २५५.४ मिलियन होती. म्हणजे वर्षाला कॅपच्या चार टक्क्यांच्या आत.

लिलावात चांगल्या खेळाडूची पूर्ण किंमत मोजावी लागते, म्हणून फायदा होतो तो फक्त दुसऱ्यांनी कमी लेखलेला खेळाडू हेरला तरच. ड्राफ्टमध्ये चार वर्षं पगार गोठलेला असतो. खेळाडू चांगला निघाला की बाजारभाव आणि हा गोठलेला पगार यांतला फरक संघाच्या खिशात राहतो आणि तो इतर खेळाडूंवर खर्च करता येतो. पिकचा 'परतावा' म्हणजे हा फरक. नुसता 'खेळाडू किती भारी' हा प्रश्न अपुरा आहे.

केड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांचा या विषयावरचा अभ्यास २०१३ मध्ये मॅनेजमेंट सायन्स या नियतकालिकात छापून आला. थेलर म्हणजे अर्थशास्त्रातलं २०१७ चं नोबेल मिळालेले. निष्कर्ष दोन. एक, जुन्या पगारांच्या काळात सगळ्यात जास्त परतावा पहिल्या पिकला नव्हता, दुसऱ्या फेरीच्या पिकना होता, कारण तिथे गुणवत्ता थोडी कमी पण पगार कितीतरी कमी. दुसरा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो: एकाच जागेवर खेळणारे, ड्राफ्टमध्ये लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला पुढे जास्त सामन्यांत सुरुवातीपासून खेळला असं १०० पैकी साधारण ५२ वेळाच घडतं. नाणं उडवलं तर ५०. म्हणजे 'आम्हाला हाच हवा, त्याच्यानंतरचा चालणार नाही' या हट्टापायी संघ जे मोजतात, त्यातलं बरंचसं दोन टक्क्यांसाठी असतं.

आता एक प्रामाणिक दुरुस्ती. हा अभ्यास २०११ आधीच्या ड्राफ्टवर उभा आहे. पगार उतरल्यावर वरचे पिक खूप स्वस्त झाले, म्हणून 'दुसरी फेरीच सगळ्यात फायद्याची' हे वाक्य आज जसंच्या तसं फेकू नये. ५२ टक्क्यांचा मुद्दा पगारावर अवलंबून नाही. तो टिकतो.

लेफ्टटॅकल

आकडेमोड यांनी पाया घातलाच आहे, त्यावर एक मजला चढवतो. पगार क्रमांकाला बांधलेला, पण बाजारभाव जागेला बांधलेला. त्यामुळे एकाच क्रमांकावर कुठल्या जागेचा खेळाडू घेतला यावर परतावा कितीतरी बदलतो.

२०१८ चा ड्राफ्ट घ्या. पहिला पिक ब्राउन्सचा बेकर मेफील्ड, क्वार्टरबॅक. चार वर्षांचे ३२.७ मिलियन, म्हणजे वर्षाला ८.२. दुसरा पिक जायंट्सचा सॅक्वॉन बार्कली, रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. ३१.२ मिलियन, वर्षाला ७.८. पगार जवळपास सारखे. त्याच उन्हाळ्यात सगळ्यात महाग क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स वर्षाला ३३.५ मिलियनवर गेला आणि सगळ्यात महाग रनिंग बॅक टॉड गर्ली १४-१५ च्या घरात. म्हणजे दोघंही आपापल्या जागी लीगमध्ये सर्वोत्तम निघाले असते, तरी मेफील्डवर वर्षाला २५ वाचले असते आणि बार्कलीवर जेमतेम सात. दुसऱ्या क्रमांकाचा पिक रनिंग बॅकवर लावला की नफ्याची कमाल मर्यादा तिथेच ठरून जाते.

बार्कली उत्तमच निघाला. पहिल्याच वर्षी आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित. जायंट्सची त्याच्या पहिल्या चार वर्षांतली कामगिरी (जिंकलेले-हरलेले सामने): ५-११, ४-१२, ६-१०, ४-१३. २०२० च्या दुसऱ्याच सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट फाटला, ते वर्ष गेलं. पुढे २०२४ मध्ये तो ईगल्सकडे आला, २००५ यार्ड धावला आणि संघ सुपर बोल जिंकला. खेळाडू तोच. ईगल्सकडे पुढे उभी असलेली लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवणारी आणि धावणाऱ्याला वाट करून देणारी फळी, बघा: लेफ्ट टॅकल जॉर्डन मायलाटा हा सातव्या फेरीतला २३३वा पिक, ऑस्ट्रेलियात रग्बी खेळलेला, आयुष्यात अमेरिकन फुटबॉल न खेळलेला. चेंडू देणारा जेलन हर्ट्स ५३वा पिक. वाट कुणीतरी मोकळी केली तर धावणारा धावतो.

म्हणून वरच्या पिकला माझा क्रम असा: क्वार्टरबॅक, मग क्वार्टरबॅकवर धाड घालणारा एज रशर, मग त्याला थोपवणारा टॅकल, मग वाइड रिसीव्हर आणि त्याला अडवणारा कॉर्नर. गार्ड, सेंटर, सेफ्टी, टाइट एंड, रनिंग बॅक हे पहिल्या दहात नकोत, मग तो कितीही गुणी असो.

आणि खेळाडू शंभर टक्के योग्य निघूनही संघ वर येत नाही, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जो थॉमस. २००७ चा तिसरा पिक, ब्राउन्सचा लेफ्ट टॅकल. लागोपाठ १०,३६३ स्नॅप (डाव) मैदानावर, एकही न चुकवता. २०२३ मध्ये हॉल ऑफ फेम. या अख्ख्या कारकिर्दीत ब्राउन्स एकदाही प्लेऑफला गेले नाहीत. बास्केटबॉलमध्ये पाच जणांत एक मोठा खेळाडू आला की चित्र पालटतं. इथे आक्रमणाला ११, बचावाला ११ आणि यादीत ५३.

मिशिगनकर

लायन्सचं उदाहरण इथे हवंच, कारण एकाच संघात दोन्ही टोकं दिसतात.

२००३ मध्ये दुसरा पिक चार्ल्स रॉजर्स, २००४ मध्ये सातवा पिक रॉय विल्यम्स, २००५ मध्ये दहावा पिक माइक विल्यम्स. लागोपाठ तीन वर्षं वाइड रिसीव्हर. २००७ मध्ये पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर वाइड रिसीव्हर, कॅल्विन जॉन्सन. तो मात्र अस्सल निघाला, हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण २००८ मध्ये संघ ०-१६. चेंडू झेलणारे चार आणले, लाइन आणि बचाव उघडे ठेवले.

आता २०२१ नंतरचं बघा. मॅथ्यू स्टॅफर्ड रॅम्सना दिला. बदल्यात जॅरेड गॉफ, २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेरीचे पिक आणि २०२१ च्या तिसऱ्या फेरीचा. रॅम्स त्याच मोसमात सुपर बोल जिंकले, त्यांचाही तोटा नाही. पण २०२२ मध्ये रॅम्स घसरले आणि त्यांचा २०२३ चा पिक सहावा निघाला. लायन्सनी तो सहावा वापरलाच नाही. ॲरिझोनाला सहावा आणि ८१वा देऊन १२वा, ३४वा आणि १६८वा घेतला. १२व्यावर जामीर गिब्ज, ३४व्यावर टाइट एंड सॅम लापोर्टा. दोघंही पहिल्याच वर्षापासून संघाचे आधार. त्याआधी त्यांनी स्वतःच्या वरच्या पिकवर काय घेतलं होतं? २०२१ मध्ये सातव्यावर टॅकल पेनेई स्यूएल, २०२२ मध्ये दुसऱ्यावर एज रशर एडन हचिन्सन. आणि वाइड रिसीव्हर अमॉन-रा सेंट ब्राउन चौथ्या फेरीत, ११२वा. म्हणजे लेफ्टटॅकल यांनी दिलेला क्रम जवळजवळ तंतोतंत. गिब्ज रनिंग बॅक आहे, तेवढा अपवाद. पण तो बाराव्यावर, आणि सोबत ३४वा मिळवून. २०२३ मध्ये १२-५, २०२४ मध्ये १५-२.

तिरपीरेघ

मिशिगनकरांनी दिलेला सौदा तक्त्यावर मांडून दाखवतो, म्हणजे हे संघ भाव कसा ठरवतात ते कळेल.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जिमी जॉन्सनच्या डॅलस काउबॉइजनी प्रत्येक पिकला गुण लावणारा तक्ता केला. पहिल्याला ३०००, दुसऱ्याला २६००, तिसऱ्याला २२००, सहाव्याला १६००, दहाव्याला १३००, १६व्याला १०००, ३२व्याला ५९०. तोवर झालेल्या सौद्यांवरून तो बसवला होता. म्हणजे लोक काय मोजतात ते तो सांगतो. खेळाडू काय देतो याचा त्यात विचारच नाही. तरी आजही सौद्याची बोलणी त्याच्याच आसपास होतात.

लायन्स-ॲरिझोना: सहावा १६०० अधिक ८१वा १८५, बेरीज १७८५. समोरून १२वा १२००, ३४वा ५६०, बेरीज १७६०, आणि १६८व्याचे उरलेले थोडे. जवळजवळ काट्यावर काटा. हा रास्त सौदा.

आता क्वार्टरबॅकसाठी वर चढणाऱ्यांचे:

वॉशिंग्टन, २०१२, रॉबर्ट ग्रिफिन. दुसरा पिक २६०० गुण. दिले सहावा (१६००) आणि ३९वा (५१०), बेरीज २११०. तूट ४९० ची. ती भरायला २०१३ आणि २०१४ अशा दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या दिल्या. पुढच्या वर्षीचा पिक एक फेरी खाली धरतात, या ढोबळ रिवाजाने २०१३ चा एकटाच ती तूट भरून काढतो. म्हणजे एक पहिली फेरी निव्वळ जादा. ग्रिफिन पहिल्या वर्षी सर्वोत्तम नवोदित ठरला, प्लेऑफमध्ये गुडघा गेला आणि पूर्वीचा वेग परत आला नाही. त्याच ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टनने १०२व्यावर कर्क कझिन्स घेतला होता. पुढची वर्षं त्यानेच काढली.

फोर्टीनायनर्स, २०२१, ट्रे लान्स. तिसरा २२००, दिलेला १२वा १२००. तूट १००० ची, त्यासाठी आणखी दोन पहिल्या फेऱ्या आणि तिसऱ्या फेरीचा एक. लान्स त्यांच्यासाठी चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका पिकवर डॅलसला गेला.

चीफ्स, २०१७, पॅट्रिक मॅहोम्स. दहावा १३००. दिले २७वा (६८०) आणि ९१वा (१३६), तूट ४८४, त्यापोटी २०१८ ची पहिली फेरी. रिवाजाने बरोबर बसतो. जादा काही दिलं नाही.

सौदा जाहीर झाला की हे गणित तुम्ही स्वतः दोन मिनिटांत करू शकता. मिळालेल्या पिकचे गुण लिहा, दिलेल्या त्याच वर्षीच्या पिकचे वजा करा. उरलेल्या तुटीसमोर पुढच्या वर्षीचे पिक एक फेरी खाली उतरवून मांडा, दोन वर्षं पुढचा असेल तर दोन फेऱ्या. मग सोबत गेलेला खेळाडू. यंगच्या सौद्यात ३००० वजा १३५० वजा २९२ म्हणजे तूट १३५८. समोर २०२४ ची पहिली, २०२५ ची दुसरी. या दोन्ही मिळून निम्म्यापर्यंतही पोचत नाहीत. बाकीची किंमत एकट्या मूरच्या रूपाने मोजली गेली.

बेरजेतला

सगळं पटतं, पण या हिशेबात एक गोष्ट निसटते आहे. क्वार्टरबॅक नसेल तर बाकीचे ५२ गोळा करून काय करायचं? बंगाल्सनी २०२० चा पहिला पिक जो बरोवर लावला, दुसऱ्याच वर्षी सुपर बोलमध्ये. टेक्सन्सनी २०२३ चा दुसरा सी. जे. स्ट्राउडवर, पहिल्याच वर्षी प्लेऑफ. वॉशिंग्टनने २०२४ चा दुसरा जेडन डॅनियल्सवर, १२-५ आणि एनएफसीचा (लीगच्या दोन गटांपैकी एकाचा) अंतिम सामना. ही माणसं तिसऱ्या फेरीत मिळत नाहीत. मिळतात कधी कधी, पण त्यावर संघ बांधता येत नाही.

माझा मुद्दा असा की पिक फसतो तेव्हा निम्मा दोष निवडीनंतरचा असतो. डेव्हिड कार, २००२ चा पहिला पिक, नव्यानेच आलेल्या ह्यूस्टन टेक्सन्सचा. विस्तार ड्राफ्टमधून (नव्या संघाला इतर संघांतले खेळाडू घेऊ देणारी निवड) त्यांनी सगळ्यात आधी टोनी बोसेली हा नावाजलेला लेफ्ट टॅकल घेतला होता, पण खांद्याच्या दुखापतीमुळे तो त्यांच्यासाठी एकही सामना खेळला नाही. कारला त्या मोसमात ७६ वेळा पाडलं गेलं. एका मोसमातला तो विक्रम आहे. असा मार खाल्लेल्या क्वार्टरबॅकची नजर रिसीव्हरवरून उडते आणि अंगावर येणाऱ्यांकडे वळते. पुढे चांगली लाइन मिळाली तरी ती सवय सुटत नाही.

ब्राइस यंगला पहिल्या वर्षी ६२ वेळा पाडलं, आणि ११ सामन्यांनंतर मुख्य प्रशिक्षक फ्रँक राइख यांना काढलं. ॲलेक्स स्मिथ, २००५ चा पहिला पिक: सुरुवातीची वर्षं जवळजवळ दर मोसमाला आक्रमणाचा नवा समन्वयक. नवा समन्वयक म्हणजे नवी परिभाषा, तोच खेळ पण नाव वेगळं, पावलांचा ताल वेगळा. २०११ मध्ये जिम हार्बो आले आणि तोच स्मिथ १३-३. त्याच ड्राफ्टमध्ये २४वा आलेला ॲरन रॉजर्स तीन वर्षं ब्रेट फार्वच्या मागे बसून शिकला. मॅहोम्स पहिलं पूर्ण वर्ष याच ॲलेक्स स्मिथच्या मागे बसला, फक्त शेवटचा सामना खेळला, आणि संघ आधीच प्लेऑफचा होता.

सॅम डार्नल्ड बघा. २०१८ चा तिसरा पिक, जेट्समध्ये तीन वर्षांत दोन मुख्य प्रशिक्षक, मग बाहेर. २०२४ मध्ये व्हायकिंग्जकडे १४-३. पिक वाया गेला, खेळाडू गेला नव्हता.

यार्डरेषा

@बेरजेतला, उत्तम प्रतिसाद. 'सांभाळणं' हा भाग मी मूळ लेखात घ्यायला हवा होता. पण बरोवर, स्ट्राउड, डॅनियल्स हे तिन्ही पिक त्या त्या संघांना स्वतःच्या हरण्यातून मिळालेले होते. वर चढायला कुणी काही मोजलं नव्हतं. म्हणजे माझ्या मूळ मताला बाध येत नाही.

उलट क्वार्टरबॅकमध्येही क्रम किती फसवा असतो ते २०१८ मध्ये दिसतं. पहिला मेफील्ड, तिसरा डार्नल्ड, सातवा जॉश ॲलन, दहावा जॉश रोझन, ३२वा लमार जॅक्सन. या पाचांत एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू) झाले ते सातवा आणि ३२वा. लमार दोनदा, २०१९ आणि २०२३; ॲलन २०२४ मध्ये. दहावा रोझन एका वर्षात ॲरिझोनाने विकला. २०२१ मध्ये पहिला ट्रेव्हर लॉरेन्स, दुसरा झॅक विल्सन, तिसरा लान्स, ११वा जस्टिन फील्ड्स, १५वा मॅक जोन्स. एप्रिल २०२४ संपेपर्यंत लॉरेन्स सोडून चौघंही मूळ संघाबाहेर.

आणि फोर्टीनायनर्स सावरले ते कशामुळे? २०२२ च्या ड्राफ्टचा अगदी शेवटचा, २६२वा पिक ब्रॉक पर्डी. २०२३ मध्ये त्याचा पगार ८ लाख ७० हजार डॉलर आणि संघ सुपर बोलमध्ये. त्या पगारामुळेच इतर महाग खेळाडू ठेवता आले. २०२५ मध्ये त्याचा करार पाच वर्षं २६५ मिलियनचा झाला. ती सवलत संपली.

नवखी_प्रेक्षक

आता बरंच उमगलं, सगळ्यांचे आभार. मग सगळेच संघ खाली का सरकत नाहीत? आणि मुद्दाम हरून पिक गोळा करणं कितपत चालतं?

आकडेमोड

खाली सरकायला वर चढणारा गिऱ्हाईक लागतो. तो बहुतेक क्वार्टरबॅकसाठीच येतो. ज्या वर्षी चांगले क्वार्टरबॅक नाहीत, त्या वर्षी पहिल्या पिकला भावच येत नाही.

दुसरं, निर्णय घेणाऱ्याची मुदत. दोन मोसम वाईट गेले की जनरल मॅनेजरची खुर्ची हलते. पुढच्या वर्षीची पहिली फेरी वापरायला आपण असू की नाही, याची त्याला खात्री नसते. म्हणून भविष्यातले पिक त्याच्या दृष्टीने स्वस्त असतात. एक फेरी खाली धरायचा तो रिवाज यातूनच टिकला आहे. ज्याला नोकरीची चिंता नाही, त्याने हे पिक गोळा करावेत. एक वर्ष थांबलं की दुसऱ्या फेरीच्या भावात पहिली फेरी मिळते.

मुद्दाम हरण्याचं उदाहरण ब्राउन्स. २०१६ मध्ये १-१५, २०१७ मध्ये ०-१६. हातात आले माइल्स गॅरेट आणि मेफील्ड, दोन्ही पहिले पिक. गॅरेट २०२३ चा सर्वोत्तम बचावपटू, म्हणजे निवड अचूक. तरी नंतरच्या सात मोसमांत, २०१८ ते २०२४, प्लेऑफ दोनदाच. आणि २०२२ मध्ये तीन पहिल्या फेऱ्या देऊन डेशॉन वॉटसन घेतला, वर २३० मिलियनचा पूर्ण हमीचा करार. हरून साठवलेलं एका सौद्यात गेलं.

रॅम्स याच्या उलट. २०१६ मध्ये गॉफला पहिल्या क्रमांकावर घेतल्यानंतर थेट २०२४ पर्यंत पहिल्या फेरीत त्यांचा एकही पिक नाही. तरी मधल्या काळात दोन सुपर बोल, एक जिंकलेला. कूपर कप ६९वा, पुका नाकुआ १७७वा, आणि नाकुआने पहिल्याच वर्षी १०५ झेल आणि १४८६ यार्डांचा नवोदितांचा विक्रम केला. पण ॲरन डोनल्ड हा पहिल्या फेरीतला १३वा पिक आधीपासून घरात होता, हे विसरून 'पहिली फेरी नकोच' असं म्हणणं चुकीचं.

लेफ्टटॅकल

एक व्यावहारिक बाब राहिली, ती नोंदवतो. ३२वा आणि ३३वा पिक यांत जॉन्सनच्या तक्त्यावर दहाच गुणांचा फरक आहे, पण करारात मोठा आहे. पहिल्या फेरीतल्या खेळाडूवर संघाला पाचव्या वर्षाचा पर्याय, म्हणजे चार वर्षांचा करार आणखी एक वर्ष वाढवण्याचा हक्क, मिळतो, दुसऱ्या फेरीपासून नाही. २०१८ मध्ये रेव्हन्सनी ५२वा, १२५वा आणि २०१९ ची दुसरी फेरी ईगल्सना देऊन ३२वा आणि १३२वा घेतला आणि लमार उचलला. त्यामुळे २०२२ मध्ये तो त्यांना साधारण २३ मिलियनवर आणखी एक वर्ष मिळाला, बाजारात त्याच्या जागेचे भाव त्याच्या दुपटीकडे गेलेले असताना.

हा पर्याय तिसरा मोसम संपल्यावर मेच्या सुरुवातीपर्यंत वापरायचा असतो. रक्कम चार पायऱ्यांवर ठरते. पहिल्या तीन वर्षांत दोन किंवा अधिक प्रो बोल (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत निवड) असतील तर फ्रँचाइझ टॅगइतकी (करार संपलेल्या खेळाडूला एक वर्ष रोखून धरायची ठरलेली मोठी रक्कम), एक असेल तर ट्रान्झिशन टॅगइतकी (तसाच, पण थोड्या कमी रकमेचा टॅग), नुसता पुरेसा खेळलेला असेल तर त्या जागेच्या तिसऱ्या ते विसाव्या पगाराची सरासरी, तेही नसेल तर तिसऱ्या ते पंचविसाव्याची.

अडचण कुठे होते? २०२० च्या करारापासून पर्याय वापरला की रक्कम पूर्ण हमीची होते. ब्राउन्सनी मेफील्डचा २०२२ चा पर्याय आधीच वापरला होता, १८.८ मिलियनचा. मग वॉटसन आणला, आणि मेफील्ड पँथर्सना देताना त्यातले १० मिलियनच्या वर ब्राउन्सनीच भरले.

@नवखी_प्रेक्षक, पुढचा ड्राफ्ट भारतातून पाहणार असाल तर पहिली फेरी अमेरिकेत गुरुवारी रात्री आठ वाजता सुरू झाली की आपल्याकडे शुक्रवारचे पहाटेचे साडेपाच होतात. फेरीच्या शेवटाकडे, २८ ते ३२ या पिकवर झोप आली तरी बसून राहा. क्वार्टरबॅकसाठी कुणी दुसऱ्या फेरीतून वर आलं, तर ते बहुधा या पाचव्या वर्षासाठीच.